जाते म्हणू नये

तोंडात खडा धरला की माणसाला नेमकं बोलावंसं वाटतं. काजळकड्याच्या मधोमध मी दोराला लोंबकळत होते, घारी माझ्या पायांखालून फिरत होत्या, आणि मला शेजारच्या दोरावरच्या येसूला एवढंच सांगायचं होतं की तुझ्या कंबरेचा कोयता सुटायला आलाय. जिभेखाली खडा होता, म्हणून मी नुसतं बोट दाखवलं. तिला वाटलं मी घाबरले. तिनं डोळ्यांनीच मला 'वेडी गं वेडी' म्हटलं, आणि तेवढ्यात कोयता दरीत गेला.

येसू माझी थोरली बहीण, एकोणीस वर्षांची. मी सोळाची. वर कड्याच्या टोकावर आबा दोर सोडत होते. येसूची सुपारी फुटली होती. पाच दिवसांनी खालच्या वाडीची माणसं साखरपुड्याला यायची होती, म्हणजे कड्यावर उतरायची तिची ही शेवटचीच खेप.

कड्याच्या पोटात एक खोल कपार होती. तिच्यात तो राहायचा. शहरातली पोरं आता त्याला ड्रॅगन म्हणतात. आमच्या धुरेवाडीत त्याला थोरला म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून. उन्हं तापली की थोरला कात टाकायचा आणि महिनाभर समुद्राकडे उडून जायचा. तेवढ्या महिन्यात वाडीतल्या अंगानं हलक्या पोरी खाली उतरून ती कात कापून आणायच्या. गवताच्या छपरावर कात अंथरलेली असली की ठिणगी पडली तरी घर वाचतं, आणि थोरला वाडीवरून गेला की ठिणग्या पडायच्याच. त्याच्यापासून वाचायला त्याचीच कातडी पांघरायची, असा आमचा संसार.

कपारीचा नियम एकच होता. तिथे बोलायचं नाही. 'अमक्याचा शब्द मी खाली पडू दिला नाही' असं आपण म्हणतो, ते म्हणण्यापुरतं. त्या कपारीत बोललेला शब्द खरोखरच खाली पडत नाही. बोलणाऱ्याला तो पाळावाच लागतो, मग तो माणूस असो की थोरला. आईची आत्या चिमा अशीच एकदा उतरली होती. तिच्या बापानं वरून हाक मारली, "चिमे, हायस का?" आणि ती म्हणाली, "हाय." झालं. ती अजून तिथेच आहे.

म्हणून उतरायच्या दिवशी आई नदीतले दोन गुळगुळीत खडे धुऊन आणायची आणि आमच्या जिभेखाली ठेवायला द्यायची. त्या सकाळीही तिनं बजावलं, "हाक आली तरी ओ द्यायची न्हाई. शिंका, खोका, रडा. पन शबुद काढायचा न्हाई."

"बरं. जाते," मी म्हणाले, आणि पाठीत धपाटा बसला. आमच्या घरात हे रोजचंच होतं. "कितींदा सांगायचं गं भवाने? जाते म्हनू नये, येते म्हनावं. जायाचं नाव काढतेस भरल्या घरात!"

येसूला कधी सांगावं लागलं नाही. ती उंबऱ्यात वाकून "येते हं आई" म्हणाली आणि तिच्या तळहातावर दही पडलं. माझ्या वाट्याला उरलेलं भांडं चाटायला आलं. वळणाच्या मुलीला दही आणि तोंडाळ मुलीला धपाटा, हा न्याय मला तेव्हा फार टोचायचा.

कपारीत पोचलो तेव्हा आत गारवा होता. भिंतीवरून शेवाळाच्या रेघेनं पाणी झिरपत होतं. कात सगळीकडे पसरली होती, हिरवट काळी, तांब्याच्या पत्र्यासारखी वाजणारी. कोपऱ्यात चिमाआत्या बसली होती. तिच्या हाडांवरच्या चांदीच्या वाक्या अजून जागच्या जागी होत्या. येसूनं तिला हात जोडले. मीही जोडले, आणि उरलेल्या एका कोयत्यानं आम्ही पाळीपाळीनं कात कापू लागलो.

दुसरी मोळी बांधत होतो तेव्हा उजेड गेला.

मला वाटलं ढग आला. मग कानात दडे बसवणारा वारा आला, आणि तो गरम होता. थोरला परत आला होता, नेमापेक्षा वीस दिवस आधी. का, ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्याच्या एका श्वासात आमचे दोन्ही दोर वातीसारखे पेटले. येसूनं मला मागे ढकललं आणि तिची उजवी पोटरी त्या झळीत सापडली. ती ओरडली नाही. खडा दातांखाली कडकडताना मात्र मी ऐकला. थोरला आत सरकला, कुत्रं झोपायच्या आधी फिरतं तसा एकदा गोल फिरला, आणि कपारीचं तोंड अंगानं बुजवून झोपला.

तो झोपला आणि आम्ही अडकलो. त्याच्या पोटाच्या वर हातभर फट होती, तिच्यातून थोडं आभाळ दिसायचं. आमच्याकडे दीड भाकरी होती. खडा एका गालात सारायचा आणि दुसऱ्या बाजूनं चावायचं, असं आम्ही जेवलो. तहान लागली की भिंत चाटायची. उष्मा वाढला की कात अंगाभोवती गुंडाळायची. येसूची पोटरी मी ओल्या शेवाळानं झाकली, ते शेवाळ घटकाभरात वाळायचं. तिला दुखत असेल का, हे विचारताही येत नव्हतं. सोळा वर्षं मी अखंड बडबड केली होती, त्यातली निम्मी तिच्याशी भांडण्यात. आणि आता तिच्याशी बोलायचं होतं तर तोंडात दगड.

दुसऱ्या दिवशी आबांची हाक आली.

"येसूऽऽ! भागेऽऽ!"

मी उठून बसले. येसूनंही मान उचलली.

"पोरींनो, हायसा का गं?"

'हाय.' दीड अक्षराचा शब्द. तो माझ्या घशात येऊन बसला होता. कोपऱ्यात चिमाआत्याच्या वाक्या दिसत होत्या. येसूनं सरपटत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. मी तिच्या तोंडावर दाबला. अशा आम्ही दोघी एकमेकींची तोंडं धरून बसलो आणि आमचे डोळे वाहत राहिले.

"अगं, एकदा तरी ओ द्या!"

मला राहवेना. मी दगडावर दगड आपटला. थोरल्यानं झोपेतच एक सुस्कारा सोडला आणि आमच्या डोक्यावरचं शेवाळ कोळपून खाली पडलं. पुन्हा मी काही आपटलं नाही.

मग दोरांची जळकी टोकं फटीसमोरून वर गेली. आबांनी ती ओढून घेतली होती. नंतर वरून एक आवाज आला, आणि तो आबांचा आहे हे मला आधी कळलंच नाही. आबांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो आवाज हळूहळू लांब गेला. आम्ही जिवंत होतो आणि आमचा बाप आमच्या नावानं अंघोळ करायला घरी निघाला होता.

तिसऱ्या दिवशी येसूला ताप भरला. तिचा खडा केव्हाच तोंडातून पडला होता. ती बरळली तर काय बोलेल या भीतीनं मी तिच्या तोंडाशी तळहात धरून बसले. पोटरी काळी पडत चालली होती. असं बसून राहिलं तर संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर ती मरेल, आणि मी गप्प राहण्याचा नियम पाळत बसलेली असेन, हे मला लख्ख दिसलं. मला कसलाच मार्ग सुचत नव्हता. एकच गोष्ट उरली होती, आणि ती करायची नाही असं आईनं बजावलं होतं.

मी बराच वेळ विचार केला. 'राहीन', 'देईन', 'करीन' असं काही बोललं की आपण बांधले जातो. पण मागणं मागितलं तर आपण काहीच कबूल करत नाही. बांधला जाईल तो उत्तर देणारा. मी वाक्य मनात दहादा घोळवलं, त्यातलं एकेक अक्षर तपासलं आणि खडा थुंकला.

"आमाला दोघींना जाऊ द्या."

थोरल्यानं डोळे उघडले. ते पिवळे असतील असं मला वाटलं होतं. ते म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यांसारखे होते, ओले आणि काळे.

"फार वर्षांनी कुणी बोललं," तो म्हणाला. त्याचा आवाज दगडातून यायचा. "मला वाटलं, उंदीर असतील."

मी गप्प. उत्तर द्यायचं नव्हतं.

त्यानं येसूकडे पाहिलं. "जा. दोघी जा. मी अडवणार नाही."

त्यानं पोट उचललं आणि मागे सरकला. त्याच्या अंगाखाली कपारीच्या डाव्या कडेला खडकात कोरलेल्या जुन्या खोबण्या होत्या, शेवाळ जळून उघड्या पडलेल्या, थेट दरीत उतरणाऱ्या. एवढा वेळ तो त्यांच्यावरच झोपला होता. मला काय आनंद झाला! तीन दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणीतरी आहे. वाडीतल्या शंभर वर्षांतल्या शहाण्या बायकांना जमलं नाही ते मी केलं, थोरल्याला शब्दात पकडलं.

मी येसूला कातेच्या पट्ट्यांनी पाठीशी बांधलं. पहिल्या खोबणीत पाय घातला. आणि वळून पाहिलं. काय करणार, कुणाच्या घरातून निघताना माणूस वळून बघतोच.

"जाते," मी म्हणाले.

माझ्या मानेवर येसूचा गरम श्वास आला. तापात होती, डोळे मिटलेले होते, तरी वळण कुठे जातं?

"भागे, जाते म्हनू नये. येते म्हनावं." तिनं माझ्या खांद्यावरून हात काढला आणि घरातल्या वडीलधाऱ्याला करावा तसा थोरल्याला नमस्कार केला. "येते हं, बाबा."

थोरल्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

आम्हालाही काही वाटलं नाही. ते बोलणं म्हणून कधी धरलंच नव्हतं आम्ही. निघताना पदर सावरतो, चपला शोधतो, तसंच ते.

घरी पोचलो तेव्हा आबांनी डोक्यावरचे केस काढले होते. आम्हाला बघून ते मटकन खाली बसले. आईनं आमच्या दोघींच्या तोंडात बोटं घालून जीभ जागेवर आहे का ते पाहिलं, आणि मग मला एक धपाटा घातला आणि मग रडली. साखरपुडा पंधरा दिवस पुढे ढकलला. येसूची पोटरी भरून येऊ लागली. वाडीत माझ्या हुशारीचं एवढं कौतुक झालं की चार दिवस मी जमिनीवर चालत नव्हते. एवढं मात्र खरं की मला घरात बसवेना. दिवसातून सहा वेळा मी पाण्याला जायचे, नाहीतर उगाच वेशीपर्यंत. आई म्हणायची, "पायात काटं रुतल्यात का गं तुज्या?"

नवव्या दिवशी येसू चुलीपुढे भाकरी थापत होती. एकाएकी उठली आणि पिठाच्या हातांनी बाहेर पडली.

"कुठं गं?" आईनं विचारलं.

"पाय चालल्यात," येसू म्हणाली आणि स्वतःच हसली. आम्हीही हसलो. ती वेशीबाहेर गेली तेव्हा आबा धावले.

आबांनी तिला घरी आणलं. ती पुन्हा उठली. शेवटी त्यांनी तिला दाव्यानं खांबाला बांधलं. बसल्या जागी तिचे पाय चालतच राहिले, टाचा जमिनीवर घासून रक्त आलं. "सोडा आबा," ती म्हणत होती, "पाय तुटतील पन थांबायचं न्हाईत." खालच्या वाडीची माणसं नेमकी त्याच दिवशी लग्नाची तारीख ठरवायला आली. त्यांनी दाव्याला बांधलेली नवरी पाहिली आणि पाणीही न पिता परत गेली. आबांनी दावं सोडलं. ती सरळ काजळकड्याच्या दरीकडे गेली. चार दिवसांनी परत आली, दोन दिवस झोपली, आणि तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा निघाले. देवऋषी झाला, अंगारा झाला, आबांनी देवापुढे नाक घासलं. कशानं काही होईना. ती जायची, यायची, आणि दर खेपेला आणखी वाळून यायची.

तिसऱ्या खेपेनंतर ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी उभी होते. बसवत नव्हतंच.

"त्याला विचारलं मी," ती म्हणाली. "म्हनलं, येते म्हनले हुते, आले की एकदा. फिटलं न्हाई का?"

"मग?"

"म्हनला, 'येईन' म्हणाली असतीस तर एकदा येऊन सुटली असतीस. तू 'येते' म्हणालीस. त्याला शेवट कुठं असतो?"

"अगं, पन ते निरोपाचं बोलनं! सगळीच म्हनत्यात. सांग की त्याला."

"सांगितलं. त्याला ठाव हाय. म्हनला, मला कळतं गं पोरी. पण मी नाही ऐकत, कपार ऐकते." तिनं तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "त्योबी तसाच अडकलाय भागे. लई वर्सांमागं कुनीतरी त्या तोंडाशी येऊन विचारलं, आत कोन हाय? त्यो म्हनला, मी हाय. समुद्रापातुर उडतो, पन फिरून तिथंच यावं लागतं. वाईट न्हाई गं त्यो. लई कंटाळलाय."

सगळा दोष माझा होता. मी जाते म्हणाले नसते तर ती मला वळण लावायला गेली नसती.

"आता काय करनार तू?"

"तिथं पोचलं की पाय गप बसत्यात. जाऊन येऊन मरन्यापरीस तिथंच ऱ्हाते. चिमाआत्या हायच सोबतीला." ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्या कमरेला मिठी मारली. "मला न्हाई जायाचं गं भागे. मला न्हाई जायाचं."

मी काय करू शकत होते? तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले, आणि तेवढ्यातही माझे पाय चुळबुळत होते.

दुसऱ्या सकाळी आईनं तिच्या तळहातावर दही घातलं. नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आबा परसात गेले, ते पुढे आलेच नाहीत. येसूचं गाठोडं घेऊन मी तिला पोचवायला निघाले. मनात ठरवून टाकलं होतं, कपारीपर्यंत जायचं, जमलं तर तिच्याजवळच राहायचं. 'हाय' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

वाडीची शीव म्हणजे एक ओढा. येसू ओलांडून गेली. मी पाण्यात पाय घातला, दुसरा उचलला, आणि पाहते तर तोंड वाडीकडे. मला वाटलं, गाठोड्याच्या ओझ्यानं तोल गेला. पुन्हा वळले. पुन्हा पाय टाकला. पुन्हा वाडीकडे. तिसऱ्यांदा मी रडत, अंग ओढत गेले आणि पाण्यातच पडले, तरी पडले ती पलीकडे पाठ करून.

येसू पलीकडच्या काठावरून बघत होती. तिच्या लक्षात माझ्या आधी आलं.

"तू जाते म्हनलीस," ती म्हणाली. "यायचं काई बोललीच न्हाईस तू."

या गोष्टीला आता सेहेचाळीस वर्षं झाली. लग्नाच्या मांडवात स्वयंपाक करत मी गावोगाव फिरते. दोन दिवस एका घरी, मग पुढचं घर. संसार केला नाही, करता आला नसता. भागाबाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं लोक कौतुकानं म्हणतात, आणि मी हसते. धुरेवाडीला मी पुन्हा गेले नाही. आई गेली तेव्हाही नाही. त्या दिशेची वाट धरली की माझी पाठच तिकडे होते.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी ओढ्यात बसले होते आणि माझी थोरली बहीण पलीकडे उभी होती. मी गाठोडं तिच्याकडे फेकलं. तिनं झेललं. तिचे पाय निघाले होते, ती त्यांना कसंबसं धरून उभी होती.

"भागे," ती म्हणाली, "जाते."

जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द आला. मला तो ऐकवला नाही.

"जाते म्हनू नये," मी ओरडले. "येते म्हनावं."

ती हसली. या वेळी तिला हसू आलं. पदर सावरून, मान जरा खाली घालून, उंबऱ्यात वाकायची तशी ती वाकली.

"येते हं," ती म्हणाली.

आमच्या ओढ्यावर बोललेला शब्द खाली पडतो. तिला ते माहीत होतं, आणि मलाही.